जसोदाबाईचं बोट

जसोदाबाई पावरा उपकेंद्राच्या दारात आली तेव्हा मी लसींचा डबा पुसत होते. ती पायरीवर बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, जान्याच्या पोरीची टाळू मी फाडली. पोलिसाला बोलवायचं तर बोलव. पण आधी पोरगी बघ."

मी तेव्हा धडगावच्या पुढे, दोन टेकड्या चढल्यावर जे उपकेंद्र लागतं तिथे कंत्राटी नर्स होते. मूळची मी कळसाडीची, कापूस-उसाच्या सपाटीवरची. घरी आम्ही अहिराणी बोलतो. पाड्यांवरची पावरी भाषा मला सहा वर्षांत कामापुरती आली होती: ताप, दूध, जुलाब, कितवा महिना. त्यापलीकडचं बोलायचं तर मध्ये कुणीतरी लागायचं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात याचा वाटा आहे.

जसोदाबाई वरच्या पाड्यावरची दाई. वय साठीच्या आसपास असेल. आधार कार्डावर एक जानेवारी लिहिलेलं होतं, म्हणजे लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं. अंगाने काटकुळी, बोटं लांब. चाळीस वर्षं तिने बाळंतपणं केली होती. जान्यालाही तिनेच काढला होता. खूप वर्षांपूर्वी सरकारने दायांना शिकवलं, तेव्हा पाच दिवस धडगावला राहून ती एक पेटी घेऊन आली होती. पेटीतलं सामान केव्हाच संपलं, पण नवं ब्लेड, उकळलेला दोरा, साबणाने कोपरापर्यंत हात धुणं, हे तिने सोडलं नाही. बाजारात वावरून तिला अहिराणी येत असे, माझ्याशी ती तीच बोलायची. बाई अडणार असं वाटलं की मला निरोप यायचा. दवाखान्यात चला म्हणून मी ज्या बायकांच्या मागे लागायचे, त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला तीच यायची.

जान्याची बायको तुळशी, तिचंही दवाखान्यातच ठरलं होतं. पहिलटकरीण, जेमतेम वीस वर्षांची. पण दिवस भरायला दोन आठवडे असताना मक्यात निंदताना कळा सुरू झाल्या. झोळी करून घरचे तिला घेऊन निघाले, आणि अर्ध्या वाटेवरूनच जसोदाबाईने परत फिरवलं. वेळ उरला नव्हता.

मुलगी झाली. रडली, पण बारीक, नाकातून आल्यासारखं. तोंडात चिकटा होता. जसोदाबाईने बोटाला धुतलेलं फडकं गुंडाळलं आणि नेहमीसारखं तोंडात फिरवलं.

"वर कडक लागतं ना," ती मला सांगत होती, आणि सांगताना तेच बोट हवेत वर धरत होती. "दरवेळी लागतं. या वेळी काही लागलंच नाही. बोट आतच गेलं."

तिने दचकून हात बाहेर काढला, आणि ते जान्याच्या आईने, रमिलाबाईने, पाहिलं. संध्याकाळी तुळशीने मुलीला छातीशी घेतलं. मुलगी तोंड लावायची, ओढायची, पण ओढलं जात नव्हतं. जे थोडं तोंडात जाई ते नाकातून बाहेर येई. दुसऱ्या दिवशी सकाळी रमिलाबाईने नातीला उन्हात धरून तिचं तोंड उघडलं आणि आतली फट पाहिली.

"बोट तूच घातलं होतंस ना?" तिने जसोदाबाईला बोलावून विचारलं.

"हो," जसोदाबाई म्हणाली. घातलंच होतं.

"रक्त आलं होतं का?" मी मध्येच विचारलं.

"फडक्यावर नव्हतं. पण आत आलं असेल. पोटात गेलं असेल." हे उत्तर तिने आधीच स्वतःला दिलेलं होतं.

आणि मुलगी तीन दिवसांची असताना मी त्या घरी जाऊन आले होते.

जान्या आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेला. मराठी चांगलं बोलायचा. त्या दिवशी त्याने मला सांगितलं होतं, "बाई, तिची टाळू बघा ना. भोक आहे तिथे." मी मुलीच्या डोक्यावर हात फिरवला. मऊ जागा लागली. डोक्यावरच्या त्या जागेलाही टाळूच म्हणायचं आणि तोंडात वर असते तिलाही टाळूच. पहिलं मूल असलेल्या घरात डोक्यावरची टाळू हाताला लागून माणसं घाबरतात, हे मला रोजचं. मी हसले.

"अरे, सगळ्या बाळांना असतं ते. दीड वर्षात आपोआप भरतं. तेल घालत जा."

त्याने आईला समजावलं. तिने काहीतरी विचारलं. "रोज घालायचं का तेल?" तो म्हणाला.

"दोन वेळा घातलं तरी चालेल."

मी मुलीला वजनाच्या झोळीत टाकलं. वजन घटलं होतं. पहिल्या दिवसांत थोडं घटतंच. ओठ धड होता, नाक धड होतं. तुळशी कोपऱ्यातून हळू आवाजात काही म्हणाली. मला दूध आणि नाक एवढे दोनच शब्द कळले. "बाळं दूध टाकतात," मी म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले. तोंडात पाहिलंच नाही.

त्या घरातली माणसं मग चार दिवस, सकाळ-संध्याकाळ, मुलीचं तोंड उघडून वरच्या फटीत तेल सोडत होते.

"तू भरेल म्हणालीस, म्हणून मी थांबले," जसोदाबाई म्हणाली. "काल पोरगी रडायची थांबली. भुकेलं पोर रडतं. ते गप्प झालं की मला कळतं."

तोवर पाड्यावर पंच बसून गेले होते. जसोदाबाईने पूजेला बकरा द्यायचा आणि यापुढे कुठल्याही बाळंतिणीला हात लावायचा नाही. बकरा तिने दिला. तिची स्वतःची सून जागृती सात महिन्यांची होती, तीही तिला म्हणाली, "माझ्या वेळी तू आत येऊ नको." बायका पाण्यावर तिच्यापासून दूर उभ्या राहायला लागल्या होत्या. एक शब्द आहे आमच्या भागात, बाईला घराबाहेर काढायला पुरतो. तो अजून कुणी उच्चारला नव्हता, पण तो येणार हे तिला दिसत होतं.

मी पिशवी घेतली आणि तिच्यामागून निघाले. दोन तासांचा चढ. ती एकदाही थांबली नाही.

मुलगी चटईवर निपचित होती. कातडी सैल पडलेली, छाती भराभर वरखाली होत होती. मी टॉर्च लावून तोंडात पाहिलं. टाळूच्या मधोमध मागून पुढे गेलेली फट होती. कडा गुळगुळीत, ओठाच्या आतल्या बाजूसारख्या गुलाबी. जखम अशी नसते. नर्सिंगला असताना पुस्तकात चित्र पाहिलं होतं, त्यात ओठही फाटलेला होता. ओठ शाबूत आणि आत टाळू दुभंगलेली, हे मी कधी पाहिलं नव्हतं. पण मला कळलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिलं हे आलं की तेल कुणी सांगितलं ते आता कुणी विचारू नये.

झोळीतून खाली डांबरी रस्त्यावर, तिथून जीपने धडगाव. जीपमध्ये बसताना रमिलाबाईने जसोदाबाईला अडवलं. "ही नको."

तुळशी आठवडाभरात सासूपुढे बोलली नव्हती. तिने जसोदाबाईचं मनगट धरलं आणि आत ओढलं. "वाटेत पोरगी निळी पडली तर कोण बघेल?"

रमिलाबाई मागे राहिली. धडगावला ऑक्सिजन लावला आणि रुग्णवाहिकेतून नंदुरबारला पाठवलं. घाटात प्रत्येक वळणावर तुळशी मुलीच्या नाकाशी बोट नेऊन श्वास बघायची. जसोदाबाई स्वतःचे दोन्ही हात काखेत दाबून बसली होती.

नंदुरबारला लहान मुलांच्या डॉक्टर होत्या कहकशाँ शेख, शहरातल्याच, तिशीच्या. त्यांनी छातीचा फोटो काढला, नळीने दूध सुरू केलं, आणि रात्र काढू द्या म्हणाल्या. मुलीने ती रात्र काढली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाजूला बोलावलं.

"फुफ्फुसात तेल गेलंय. तेल कुणी घातलं?"

जान्याने माझ्याकडे पाहिलं. "बाईंनी सांगितलं होतं."

"मी डोक्यावर म्हणाले होते," मी म्हणाले. ते खरं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि विषय सोडला. त्यांनी रागावायला हवं होतं असं मला नंतर खूपदा वाटलं.

जसोदाबाई भिंतीला टेकून उभी होती. तिने जान्याला पुढे करून विचारायला लावलं, "फाटलेलं शिवता येईल का?"

"फाटलेलं नाही ते," डॉक्टर म्हणाल्या. "जुळलेलंच नाही." त्यांनी दोन्ही हात पसरून समोर आणले. "आईच्या पोटात बाळाची टाळू अशी दोन बाजूंनी येते आणि मध्ये जुळते. तिसरा महिना संपायच्या आत. हिची जुळली नाही. पोटात होती तेव्हापासूनच ही फट आहे."

"पण माझं बोट आत गेलं."

"बोट गेलं कारण फट आधीच होती, आजी. इकडे या." त्यांनी तिला मुलीजवळ नेलं, टॉर्च लावला. "मागे बघा. पडजीभ दिसते? एकच असते ना आपल्याला? हिला दोन आहेत, छोट्या छोट्या. बोटाने अशी होईल का?"

जसोदाबाईने वाकून बराच वेळ पाहिलं. "आईने काही खाल्लं म्हणून झालं?"

"नाही."

"ग्रहणात बाहेर गेली म्हणून?"

"नाही. कधी घराण्यात असतं, कधी आईला पोषण कमी पडलेलं असतं, कधी काही सापडतच नाही. हिच्या बाबतीत मला सांगता येत नाही."

"मग चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही."

जान्याने ते सांगितलं. जसोदाबाई माझ्याकडे वळली. "कुणाचीच नाही, हे पाड्यावर कसं सांगू? तिथे कुणाची तरी लागते."

एकवीस दिवस मुलगी तिथे होती. नळी निघाल्यावर डॉक्टरांनी तुळशीला बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीने, पाजायला शिकवलं: दूध काढायचं, मुलीला उभं धरायचं, गालाच्या आत थेंब थेंब सोडायचं, थांबायचं, पुन्हा सोडायचं. एका वेळेला पाऊण तास लागायचा, आणि दोन तासांनी पुन्हा. तुळशीला बसल्या जागी झोप लागायची. "आजी, तुम्ही घ्या जरा," डॉक्टर म्हणाल्या, तर जसोदाबाईने हात पाठीमागे नेले. मुलीला मांडीवर उभं धरायला ती तयार व्हायची. तोंडाजवळ हात न्यायची नाही.

परत आल्यावर मी वरच्या पाड्यावर सगळ्यांना जमवलं. डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मराठीत सांगितलं, जान्याने पावरीत केलं. हे जन्मापासूनचं आहे. दाईचा काही दोष नाही. मुलगी सव्वा वर्षाची झाली, वजन झालं, की नाशिकला फुकट शस्त्रक्रिया होते.

रमिलाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तूच म्हणाली होतीस भरेल. आता म्हणतेस भरत नाही, शिवावं लागतं. यातलं खरं काय?"

माझ्याकडे उत्तर होतं. माझं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, आणि घरी माझी दोन मुलं माझ्या पगारावर शिकत होती. मी म्हणाले, "तेव्हा समजण्यात गडबड झाली." कुणाच्या समजण्यात ते बोलले नाही. माणसं उठून गेली.

मग पुढचे पाच-सहा महिने जसोदाबाई जशी जगली तसं कुणी जगू नये. जागृतीचं बाळंतपण धडगावला झालं. जसोदाबाई बाहेर झाडाखाली बसून राहिली. नातू दाखवायला आणला तर हात न लावता म्हणाली, "तोंडात बघितलं का?" कुणी तिच्याशी भांडत नव्हतं. तिला बोलवत नव्हते, इतकंच. तिचं जेवण कमी झालं. एकदा तिच्या घरी गेले तर ती भाकरी थापत होती आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती. ते बोट वर धरून चार बोटांनी थापत होती.

"लागलं का काही?"

"नाही."

"मग?"

"नको वाटतं ते."

मी तिच्याजवळ बसले. "डॉक्टरांनी तुला दाखवलं ना? पडजीभ पाहिलीस ना तू?"

"पाहिली. डॉक्टरीण शिकलेली आहे, खरं बोलली असेल." तिने भाकरी तव्यावर टाकली. "पण तूही शिकलेली. तूही म्हणाली होतीस भरेल. मग एकीचं धरायचं आणि एकीचं सोडायचं, हे मी कसं ठरवू?"

त्या दिवशी उतरताना मला कळलं की हिच्या बोटावरची चिंधी मी बांधलेली आहे. तरी आणखी आठ दिवस मी काही केलं नाही. नवव्या दिवशी रमिलाबाईच्या अंगणात गेले. जसोदाबाईला बोलावलं, पंचांपैकी दोघं होते, तुळशी मुलीला पाजत होती. जान्याला म्हटलं, तू मध्ये बोलू नको. आणि माझ्या मोडक्या पावरीत सांगितलं. मी तोंडात पाहिलं नाही. डोकं पाहिलं. तुम्ही तोंडाचं विचारत होता, मी डोक्याचं सांगितलं. तेल माझ्या शब्दाने घातलं गेलं. पोरगी मरायला टेकली ती माझ्यामुळे, हिच्यामुळे नाही. फट पोटातली आहे.

रमिलाबाई उठली, माझी वजनाची झोळी उचलली आणि कुंपणाबाहेर फेकली. "मी माझ्या हाताने घातलं तेल," ती म्हणाली. "माझ्या हाताने." आणि खाली बसून मोठ्याने रडायला लागली. मी आणि जसोदाबाई दोघीही तिच्याजवळ जाऊ शकलो नाही.

जान्याने तक्रार लिहिली, सुंदर अक्षरात, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. चौकशीत मी सगळं कबूल केलं. मार्चनंतर माझं काम गेलं. आता मी शहाद्याला एका खासगी दवाखान्यात आहे.

पाड्यावरचा राग माझ्याकडे वळला, तसं जसोदाबाईशी बोलणं सुरू झालं. बकरा काही कुणी परत दिला नाही. पुढच्या पावसाळ्यात वरच्या पाड्यावर एक बाई अडली, नाला भरलेला, तेव्हा दोघं जण जसोदाबाईला न्यायला आले. ती गेली, पण आत गेली नाही. दारात बसून आतल्या बायकांना ओरडून सांगत राहिली, असं धरा, तसं वळवा. आत कुणाला येत नव्हतं. बाई वाचली, मूल गेलं. हे मला जान्याने फोनवर सांगितलं. पूर्वीची जसोदाबाई असती तर ते मूल वाचलं असतं का, कुणाला सांगता येणार नाही. तिला मात्र वाटतं की वाचलं असतं.

तुळशी त्या वर्षी ऊसतोडीला गेली नाही. मुलीचं वजन पाव-पाव किलोने वाढवत राहिली. नाशिकहून दोनदा परत पाठवलं, एकदा सर्दी म्हणून, एकदा रक्त कमी म्हणून. तिसऱ्या वेळी, मुलगी सतरा महिन्यांची असताना टाळू शिवली. बरोबर जान्या होता, रमिलाबाई होती, आणि तुळशीने हट्टाने नेलेली जसोदाबाई. शस्त्रक्रियेनंतर मुलीच्या तोंडातून थोडं रक्त येत होतं, तेवढं येतंच. ते बघून जसोदाबाई बाहेर जाऊन उलटी करत बसली.

मागच्या महिन्यात मी त्यांना भेटायला धडगावला गेले. पाड्यावर जायची हिंमत झाली नाही, म्हणून तुळशीच बाजाराला आली, बरोबर जसोदाबाई. मुलगी आता अडीच वर्षांची आहे. मोहिनी नाव ठेवलंय. बोलते, पण काही अक्षरं नाकातून जातात, प आणि ब तर जमतच नाहीत. बोलायला शिकवणारा माणूस जवळपास कुठे नाही. तुळशी फोनवर व्हिडिओ लावून तिच्याकडून करून घेते. पाड्यावरची मुलं तिची नक्कल करतात.

जीप भरत होती. जसोदाबाईने मला बाजूला घेतलं.

"बाई, त्या दिवशी मी बोट घातलंच नसतं तर?"

"तरी फट असतीच. तुला किती वेळा सांगू?"

"सांग," ती म्हणाली. "आणखी एकदा सांग."

मी सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. मग चालकाने हाक मारली आणि ती मागच्या फळीवर, पोत्यांच्या मध्ये, जाऊन बसली.